संध्याकाळचे दूध कोणाच्या कोडवर गेले?

दर दहा दिवसांच्या बिलामागे पावत्या वीस होत्या आणि बिलात खेपा दहाच. ज्या बाई त्या पावत्या घेऊन आल्या होत्या, त्यांनी त्या तारखेप्रमाणे लावून, रबर बँड घालून आणल्या होत्या. सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या. पुढच्या बिलात फरक निघेल असे सचिवांनी त्यांना आधी सांगितले असणार, कारण त्या सचिवांकडे न बघता माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साहेब, दोन बिलं झाली. संध्याकाळचं दूध आम्ही काय ओढ्यात ओततो?"

हा प्रकार पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या दूध संघातला. संघाचे नाव देत नाही आणि संकलन केंद्राचे नावही बदलले आहे. पण बदललेल्या नावात मूळ नावातला अडचणीचा जोडाक्षराचा भाग तसाच ठेवला आहे, कारण सगळे प्रकरण त्याच्यातच आहे. केंद्राला आपण 'वाऱ्याचा मळा' म्हणू. संघाच्या डेटाबेसची देखभाल माझ्याकडे होती.

केंद्रावरची पद्धत अशी. उत्पादक किटली घेऊन येतो, वजनकाट्यावर लिटर दिसतात, मशिनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागतात, ऑपरेटर उत्पादकाचा कोड टाकतो आणि पावती निघते. दहा दिवसांचे बिल: एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर. डेटाबेसवाले नोंदीच्या ज्या एकमेव ओळखीला प्रायमरी की म्हणतात, तिला केंद्रावर सगळे नुसते 'कोड' म्हणतात. मीही इथे तोच शब्द वापरतो. हा कोड केंद्राचे नाव, मग आडवी रेघ, मग चार आकडी क्रमांक असा बनवलेला होता. बाईंचा कोड: वाऱ्याचा मळा-०४१७. कोडमध्ये गावाचे नाव घालण्याचा निर्णय जुना होता आणि त्यामागे कारणही होते. पावती वाचून माणसाला कळले पाहिजे, नुसत्या आकड्यांवर विश्वास बसत नाही, असे त्या वेळी सचिवांचे म्हणणे पडले होते.

मी ऑफिसच्या संगणकावर बाईंचा कोड टाइप करून शोध घेतला. एका बिलाच्या काळात दहाच नोंदी आल्या, सगळ्या सकाळच्या. म्हणजे संध्याकाळच्या नोंदी केंद्रावरून वर आल्याच नाहीत, असे आधी वाटले आणि दीड तास मी सिंकच्या, म्हणजे केंद्रावरच्या नोंदी ऑफिसात आणणाऱ्या व्यवस्थेच्या, मागे घालवला. सिंक नीट होते. मग शोध जरा सैल केला: कोडच्या शेवटी ०४१७ आहे आणि सुरुवात 'वा' ने होते, अशा सगळ्या उत्पादक-नोंदी दे. दोन ओळी आल्या.

वाऱ्याचा मळा-०४१७
वार्‍याचा मळा-०४१७

पडद्यावर दोन्ही अगदी सारख्या. फाँट मोठा करून पाहिले, तरी सारख्या. प्रायमरी की असलेल्या कॉलममध्ये एकच किंमत दोनदा बसू शकत नाही, आणि इथे तर दोन ओळी डोळ्यांसमोर होत्या. पहिल्या ओळीत बाईंचे नाव, बँक खाते, उचल, पशुखाद्याची बाकी, सगळे होते. दुसरीत नावाच्या जागी तोच कोड आणि बाकी रकाने कोरे.

माझा पहिला संशय इंडेक्सवर, म्हणजे नोंदी झटपट शोधायला डेटाबेस ठेवतो त्या सूचीवर, गेला, आणि तो अगदीच हवेतला नव्हता. आमचा डेटाबेस ज्यावर चालतो ते पोस्टग्रेस मजकुराची क्रमवारी लावण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीवर विसंबू शकते. लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती २०१८ मध्ये आली आणि तिच्यात क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. जुन्या नियमांनी बांधलेले इंडेक्स नव्या नियमांनी वाचले गेल्यावर ते बिघडल्याची आणि युनिक इंडेक्स (एक किंमत एकदाच मान्य करणारा) असूनही दुबार नोंदी शिरल्याची उदाहरणे पोस्टग्रेस वापरणाऱ्यांना चांगली माहीत आहेत. आमचा सर्व्हरही मधे नव्या लिनक्सवर गेला होता. म्हणून मी डेटाबेसची प्रत काढली आणि त्या प्रतीवर इंडेक्स नव्याने बांधायला सांगितला. खरोखर दुबार किंमत असती तर युनिक इंडेक्स बांधताना पोस्टग्रेसने तिथेच अडून चूक दाखवली असती. तो काही न बोलता बांधला गेला. याचा अर्थ एकच होता: मशीनच्या लेखी हे दोन कोड वेगळेच होते, आणि फरक दिसत नव्हता तो मला.

मग लांबी मोजली. पहिल्या कोडमध्ये १७ अक्षरे, दुसऱ्यात १८. बाइट मोजले: ४७ आणि ५०. यूटीएफ-८ या साठवण-पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, साधी स्पेस आणि आडवी रेघ एकेक. पंधरा देवनागरी चिन्हांचे पंचेचाळीस, वर दोन, हा सत्तेचाळीसचा हिशेब जुळतो. दुसऱ्यात तीन बाइटचे एक पाहुणे चिन्ह जास्त होते. ते कुठे बसले आहे हे पाहायला दोन्ही कोड हेक्समध्ये, म्हणजे प्रत्येक बाइट दोन चिन्हांत दाखवणाऱ्या लिखाणात, उघडले. 'ऱ्य' एवढ्या जागेचे बाइट देतो.

पहिला: ई०ए४बी१ – ई०ए५८डी – ई०ए४एएफ
दुसरा: ई०ए४बी० – ई०ए५८डी – ई२८०८डी – ई०ए४एएफ

पहिल्यात ऱ, हलन्त, य. दुसऱ्यात र, हलन्त, मग ई२८०८डी, मग य. हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी आणि त्या पाहुण्याचाही शेवटचा बाइट ८डी, त्यामुळे भरभर वाचताना नजर एका ८डीवरून दुसऱ्यावर घसरते. माझी दोनदा घसरली. ई२८०८डी म्हणजे युनिकोड या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाणातला क्रमांक २००डी, झीरो विड्थ जॉइनर. याला स्वतःची रुंदी नाही आणि आकारही नाही. त्याचे काम शेजारच्या अक्षरांनी कसे जुळायचे ते सांगण्याचे.

इथे थोडे थांबतो, कारण मराठीपुरते तरी हे चिन्ह म्हणजे कचरा नाही. मराठीत र पुढच्या व्यंजनाला दोन तऱ्हांनी जोडला जातो. 'दर्या' मध्ये तो रफार होऊन डोक्यावर चढतो, 'दऱ्या' मध्ये ओळीतच अर्धा राहतो. अर्थ बदलतो: एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. शाळेत सांगतात ते उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे, आचार्यास आणि आचाऱ्यास; एकाकडे शिकायचे, दुसऱ्याकडे पंगतीचा स्वयंपाक सोपवायचा. हा ओळीतला अर्धा र लिहायला युनिकोडमध्ये सरळ वाट आहे ती ऱ, क्रमांक ०९३१, आणि त्यापुढे हलन्त. दुसरी वाट म्हणजे साधा र, हलन्त आणि जॉइनर. १९९६ च्या युनिकोड २.० शी सुसंगती राहावी म्हणून ही दुसरी वाटही प्रमाणात कायम ठेवली आहे. म्हणजे दोन्ही लेखने वैध, दोन्ही पडद्यावर एकसारखी, आणि मशीनला दोन वेगळे शब्द. कऱ्हाड, वऱ्हाड, गोऱ्हे, नऱ्हे, चऱ्होली, कुऱ्हाडे, बिऱ्हाडे: ज्या मराठी यादीत अशी गावे किंवा आडनावे आहेत, तिथे हे दोन्ही प्रकार मिसळलेले सापडण्याची शक्यता बरीच आहे.

आमच्याकडे ते मिसळले कसे, हे केंद्रावर गेल्यावर पाच मिनिटांत कळले. सकाळची नोंद जुन्या संगणकावर होत होती. त्यावर इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे आणि इनस्क्रिप्टवर ऱ ला स्वतःची जागा आहे, शिफ्ट धरून र ची कळ. संध्याकाळी वीज जाते म्हणून महिन्याभरापूर्वी टॅबलेट दिला होता. टॅबलेटच्या सेटिंगमध्ये केंद्राचे नाव एकदाच भरायचे असते, आणि ते ऑपरेटरने संघाच्या एका पत्रातून कॉपी करून चिकटवले होते. ते पत्र जुन्या, युनिकोडआधीच्या फाँटमधून रूपांतर करून आलेले होते, आणि रूपांतर करणाऱ्या साधनाने अर्धा र जॉइनर लावून लिहिला होता. ऑपरेटरचा यात काडीचा दोष नाही. त्याने शुद्धलेखन बिनचूक केले होते.

पुढचा दोष आमच्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे माझ्याही वाट्याचा. वर आलेला कोड उत्पादकांच्या यादीत सापडला नाही, तर सॉफ्टवेअर गपचूप नवी उत्पादक-नोंद तयार करत असे. नवीन सभासदाचे दूध नोंदणीअभावी परत जाऊ नये म्हणून ही सोय केली होती. या नव्या नोंदीला बँक खाते नसते, म्हणून तिचे बिल 'खाते नाही' या यादीत जाऊन पडते. वाऱ्याच्या मळ्यावरच्या सगळ्यांचे संध्याकाळचे दूध वीस दिवस त्या यादीत साचत होते. इतरांनीही विचारले होते, पण पावत्या क्रमाने लावून दाखवणाऱ्या त्या बाई पहिल्या. त्या पावत्या नसत्या तर मी सिंकच्याच मागे आणखी दोन दिवस फिरलो असतो.

सगळ्या कोडची झडती

एका केंद्रावर हे झाले तर बाकीच्या केंद्रांवर काय असेल? संघाकडे सहा हजारांच्या आसपास कोड होते. डोळ्यांनी तपासून उपयोग नव्हता, हे त्या दोन ओळींनी दाखवूनच दिले होते.

अशा वेळी बहुतेक जण संशयितांची यादी करतात: जॉइनर शोधा, टॅब शोधा, दुहेरी स्पेस शोधा. मला ही पद्धत आवडत नाही. जे चिन्ह आपल्याला आठवत नाही ते तिच्यात सापडत नाही, आणि त्रास नेमका तेच देते. मी उलट बाजूने गेलो. सगळ्या कोडची अक्षरे सुटी केली, प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक काढला आणि कोणते चिन्ह किती वेळा आले याची मोजदाद केली. पोस्टग्रेसमध्ये हे एका क्वेरीचे काम आहे: मजकूर एकेका चिन्हावर तोडणारे फंक्शन, मग क्रमांक देणारे ॲस्की फंक्शन (नावाने गोंधळू नये, डेटाबेस यूटीएफ-८ असला की ते पूर्ण युनिकोड क्रमांक देते), मग गट करून मोजणी. निकाल म्हणजे त्या कॉलमची बाराखडीच. सहा हजार कोड, पण वेगवेगळी चिन्हे साठ-सत्तरच. ती यादी कमी वेळा आलेल्या चिन्हांकडून वाचायला घ्यायची. मी तेव्हापासून कुठलाही नवा डेटा हाती आला की आधी ही बाराखडी काढतो.

त्या यादीत जॉइनर अपेक्षेप्रमाणे होता, आणि वाऱ्याच्या मळ्याबाहेरच्या आणखी तीन केंद्रांवर होता. पण इतरही मंडळी निघाली.

क्रमांक ००ए०, नॉन-ब्रेकिंग स्पेस. दिसायला साधी स्पेस, पण वेबपेजवरून किंवा वर्डमधून कॉपी करताना येते आणि 'वाऱ्याचा' व 'मळा' यांच्यामध्ये जाऊन बसते. हिच्या बाबतीत एक गंमत लक्षात आली, ती उपयोगी आहे म्हणून सांगतो. आपल्या कोडमध्ये फक्त देवनागरी आणि साधी चिन्हे असतील, तर बाइटसंख्येतून अक्षरसंख्या वजा केली की उत्तर नेहमी सम येते, कारण प्रत्येक देवनागरी चिन्ह त्यात दोनची भर घालते आणि साधे चिन्ह शून्याची. सत्तेचाळीस वजा सतरा, तीस. नॉन-ब्रेकिंग स्पेस दोन बाइटची, ती एकाची भर घालते. अठ्ठेचाळीस वजा सतरा, एकतीस. विषम उत्तर आले की आत कोणीतरी परके आहे. जॉइनर मात्र तीन बाइटचा असल्यामुळे या चाळणीतून निसटतो, म्हणून नुसत्या या हिशेबावर भागत नाही.

हे कोड ज्या याद्यांमधून आले होते, त्या सचिवांनी एक्सेलमध्ये आधी 'साफ' केल्या होत्या. त्यांनी ट्रिम आणि क्लीन ही दोन्ही फंक्शने लावली होती, मला फाइल दाखवली. पण ट्रिम फक्त ३२ क्रमांकाची साधी स्पेस काढते आणि क्लीन ० ते ३१ ही नियंत्रण-चिन्हे. नॉन-ब्रेकिंग स्पेसचा दशमान क्रमांक १६०. ती दोघींच्याही हातून सुटते. पोस्टग्रेसचे ट्रिमसुद्धा वेगळे काही सांगितले नाही तर साधी स्पेसच काढते, टॅबलाही हात लावत नाही.

एफईएफएफ, म्हणजे बाइट ऑर्डर मार्क, फक्त सात वेळा आला होता आणि सातही वेळा कोडच्या अगदी सुरुवातीला. ते सातही कोड कोणाचे आहेत हे पाहिल्यावर उलगडा झाला: प्रत्येक जण आपापल्या केंद्रावरचा ०००१ क्रमांकाचा सभासद. एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून फाइल जतन केली की फाइलच्या आरंभी हे चिन्ह पडते, आणि आयात करणाऱ्या प्रोग्रॅमने ते ओळखून बाजूला केले नाही तर ते पहिल्या ओळीच्या पहिल्या रकान्याला चिकटते. त्यातल्या एका केंद्राचे ०००१ म्हणजे संस्था काढणाऱ्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ. यादी दुरुस्त करून नव्याने चढवली की दर वेळी त्यांचेच बिल अडकत आले होते आणि 'अण्णांचं खातंच तसलं आहे' अशी केंद्रावर समजूत होऊन बसली होती. हे ऐकून मला फार वाईट वाटले.

०००डी, कॅरेज रिटर्न, काही कोडच्या शेवटी होता. त्या यादीत कोड शेवटच्या रकान्यात होता आणि विंडोजच्या ओळीच्या शेवटातला अर्धा भाग त्याला लटकून आला. याबद्दल जास्त सांगण्यासारखे नाही.

आणि ०९३सी, नुक्ता. हा जॉइनरपेक्षा अवघड, कारण तो देवनागरीचाच आहे. 'देवनागरी चिन्हे, आकडे, स्पेस आणि रेघ सोडून दुसरे काही असेल तर दाखव' असा नियम लावला, तर जॉइनर, नॉन-ब्रेकिंग स्पेस, बाइट ऑर्डर मार्क सगळे पकडले जातात. नुक्ता पकडला जात नाही. र आणि त्यापुढे नुक्ता मिळूनही ऱ दिसतो. कोडची लांबी अठरा, बाइट पन्नास, म्हणजे लांबीच्या तपासणीत हा आणि जॉइनरवाला कोड जुळ्या भावंडांसारखे. युनिकोडच्या लेखी मात्र 'र अधिक नुक्ता' आणि ऱ हे मुळातच समतुल्य आहेत, त्यामुळे एनएफसी नॉर्मलायझेशन केले, म्हणजे समतुल्य लेखने एकाच ठरावीक रूपात आणली, की नुक्तेवाला आपोआप एका ऱ मध्ये मिटतो. पोस्टग्रेस १३ पासून यासाठी नॉर्मलाइझ हे फंक्शन आले आहे. जॉइनरला नॉर्मलायझेशन हात लावत नाही. तसेच 'ॲ' चे: ०९७२ क्रमांकाचा एकसंध ॲ हा युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली आला. त्याआधी अ आणि वर चंद्र अशी दोन चिन्हे वापरत. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी, पण युनिकोड त्यांना समतुल्य मानत नाही, म्हणून नॉर्मलायझेशननंतरही ती वेगळीच राहतात. नॉर्मलायझेशन केले म्हणजे मराठी डेटा एकसारखा झाला, असे कोणी म्हणत असेल तर त्याने ही दोन उदाहरणे करून पाहावीत.

मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच देतो, कारण तिथे हाच शोध फसतो. युनिकोडच्या क्रमवारी-नियमांत जॉइनर तुलनेच्या वेळी पूर्णपणे दुर्लक्षिला जातो, आणि त्या नियमांवर चालणाऱ्या कोलेशनमध्ये (मजकुराच्या तुलनेच्या नियमसंचात) जॉइनर असलेला आणि नसलेला मजकूर बरोबरच ठरतो. म्हणजे तिथे कोड दुभंगणार नाही, पण बरोबरीचे चिन्ह वापरून जॉइनरवाले कोड वेगळे काढताही येणार नाहीत. शिवाय जॉइनर लावून लिहिलेला 'आचार्‍यास' आणि रफाराचा 'आचार्यास' तिथे एकच होऊन बसतात. शोधायचे तर बायनरी तुलना करावी किंवा सरळ हेक्स काढून पाहावा.

दुरुस्ती, आणि तिच्यातली एक चूक

झडती झाल्यावर माझ्या सहकाऱ्याने जो उपाय सुचवला तो कोणीही सुचवेल: न दिसणारी सगळी चिन्हे पुसून टाकू. आम्ही तो प्रतीवर चालवून पाहिला. जॉइनर पुसला गेला, र आणि हलन्त उरले, आणि पडद्यावर आले 'वार्याचा मळा'. र डोक्यावर चढला. दोनाचे एक होण्याऐवजी आता तिसरा कोड तयार झाला होता, आणि तो चुकीच्या मराठीत. प्रतीवर केले म्हणून निभावले. हेच खऱ्या डेटावर केले असते तर मूळ काय होते हे सांगणारी खूणही उरली नसती.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी र, हलन्त, जॉइनर ही तिकडी दिसेल तिथे ऱ आणि हलन्त करायचे. मग एनएफसी. मग नॉन-ब्रेकिंग स्पेसची साधी स्पेस, लागोपाठच्या स्पेसची एक, दोन्ही टोकांच्या छाटायच्या. बाइट ऑर्डर मार्क आणि कॅरेज रिटर्न काढायचे. एवढे झाल्यावर जे जॉइनर उरतील, उदाहरणार्थ 'क्ष' ची मोडणी दाखवायला कोणी घातलेले, ते कोडमधून पुसले तरी शब्द बदलत नाही. या पायऱ्यांतून जे बाहेर येते त्याला आम्ही 'सांगाडा' म्हणायला लागलो. प्रत्येक कोडचा सांगाडा काढला, सांगाड्याप्रमाणे गट केले आणि एकापेक्षा जास्त कोड असलेले गट वेगळे काढले. शंभर-सव्वाशे गट मिळाले. एका गटात तीन कोड होते: ऱ चा, जॉइनरचा, आणि जॉइनर व नॉन-ब्रेकिंग स्पेस दोन्ही असलेला.

पुढचे काम वेळखाऊ, पण सरळ. कोड फक्त उत्पादकांच्या टेबलात नव्हता. दूध-नोंदी, उचल, पशुखाद्य, फरक बिल, सगळीकडे तोच. जुना कोड, त्याचा हेक्स आणि नवा कोड असे एक टेबल केले आणि ते कायम ठेवले. हेक्स मुद्दाम, कारण सहा महिन्यांनी कोणी ते टेबल उघडले तर नुसत्या मजकुरात जुना आणि नवा कोड सारखाच दिसणार. मग एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र होतात, नाहीतर एकही नाही) सगळी टेबले बदलली. बदलाआधी आणि बदलानंतर प्रत्येक केंद्राचे एकूण लिटर आणि एकूण रक्कम मोजली. पैशाचाही फरक आला असता तर पूर्ण ट्रान्झॅक्शन मागे घ्यायचे ठरवले होते. फरक आला नाही.

अडकले ते अकरा ठिकाणी. तिथे एकाच तारखेला, एकाच वेळेला, दोन्ही कोडवर दूध होते. टॅबलेट बंद पडला म्हणून तीच खेप संगणकावर पुन्हा टाकली असेल तर ती एकदाच धरायची. पण घरात दोन किटल्या असतील, एक गायीची आणि एक म्हशीची, तर दोन्ही खऱ्या. हे डेटाबेस सांगू शकत नाही. सचिवांकडे हाताने लिहिलेली वही होती. आम्ही दोघे एका दुपारी ती वही घेऊन बसलो. ते बोट फिरवत वाचत गेले, "हे टॅबलेट बंद पडलेलं, त्या दिवशी पाऊस होता. ही दोन खरी, त्यांच्याकडे नवी म्हैस आलीये." अकराच्या अकरा त्या वहीने सोडवल्या. वहीत वाऱ्याच्या मळ्याचे नाव एकाच प्रकारे लिहिलेले होते, कारण हाताने लिहिताना अर्धा र एकच असतो.

नंतर दोन बंधने घातली. सांगाड्यावर युनिक इंडेक्स, म्हणजे दिसायला सारखा दुसरा कोड शिरूच शकणार नाही. आणि कोडमध्ये ठरवून दिलेल्या चिन्हांपलीकडचे काही आले तर नोंद नाकारून ऑपरेटरला स्पष्ट मराठीत कारण सांगणे. अनोळखी कोडची नवी उत्पादक-नोंद आपोआप करणे बंद केले. दूध घेतले जाते, पण ती नोंद लाल यादीत येते आणि त्याच रात्री सचिवांच्या फोनवर मेसेज जातो.

पण मला विचाराल तर ही सगळी मलमपट्टी होती. मूळ दुखणे कोडमध्ये नाव असण्याचे. नावाला लिहिण्याच्या तऱ्हा असतात, नाव सुधारता येते, नावाचे स्पेलिंग ग्रामपंचायतीच्या फलकावर एक आणि सातबाऱ्यावर दुसरे असते. कोडला एकच तऱ्हा पाहिजे. संघाच्या संचालकांपुढे मी हे मांडले तेव्हा 'पावतीवर गावाचे नाव पाहिजेच' असा आग्रह झाला, आणि तो योग्यच होता. मग असे ठरले की केंद्राला दोन आकडी क्रमांक द्यायचा, कोड फक्त आकड्यांचा ठेवायचा, आणि गावाचे नाव पावतीवर कोडच्या वर मोठ्या अक्षरांत छापायचे. वाऱ्याच्या मळ्याला बारा नंबर मिळाला. नवे आर्थिक वर्ष सुरू झाले तेव्हा सगळी केंद्रे या कोडवर आली.

उत्पादकांच्या नावांच्या रकान्याला मी हात लावलेला नाही. तिथे आजही दोन्ही तऱ्हांचे ऱ आहेत आणि दोन्ही तऱ्हांचे ॲ. शोध घेताना सांगाड्यावर घेतला जातो, त्यामुळे माणूस सापडतो. पण त्याचे नाव त्याने किंवा त्याच्या मुलाने जसे टाइप केले तसेच राहते.

बाईंच्या दोन्ही बिलांचा फरक पुढच्या दहा दिवसांच्या बिलात जमा झाला. बिल घ्यायला त्या त्याच रबर बँडातल्या पावत्या घेऊन आल्या, सचिवांच्या टेबलावर एकेक पावती ठेवत त्यांनी चाळीस खेपा मोजल्या, आणि मग सही केली.